गावात अलॉटमेंट हवंय, कोणाला सांगू?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहतो आम्ही. मेथी-कोथिंबीर लावायला अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा छोटा तुकडा) हवंय पण गावात नाहीच. पॅरिश कौन्सिल (इथली ग्रामपंचायतच म्हणा) देईल का? पासपोर्ट अजून भारताचाच आहे.

उत्तर: अहो ताई, मागून तर बघा! १९०८ च्या कायद्यानुसार गावातल्या ६ मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली की कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, म्हणून आधी शेजारपाजारचे गाठा, सह्या घ्या नि पत्र कौन्सिलच्या क्लार्ककडे द्या. मीटिंगला पण जाऊन बसा, सगळ्यांना खुली असते. आणि व्हिसावर असलात तरी भारतीय म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक, त्यामुळे तिथल्या लोकल इलेक्शनला मत देता येतं, आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, तेव्हा मतदार यादीत नाव घालाच.