ज्यू शाळेची फी आणि चौदा हजारांचा विमा

वाचकाचे पत्र (थोडे आटोपून): आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे ठाण्याचे, आता न्यू जर्सीत. मी ३८ वर्षांची, हे ४१. मुलगी सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल, मुलगा तीन वर्षांचा आहे. मुलीला ज्यू डे स्कूलमध्ये घालायचे मनात आहे. फी वर्षाला २४,००० डॉलर. घराजवळची सरकारी शाळा चांगली आहे. पण माझे आजोबा माझगावच्या इस्राएली शाळेत शिकले, आणि माझ्या मुलांना हिब्रू वाचता यावे, सण घरच्यासारखे वाटावेत, अशी फार इच्छा आहे. दोघांचे उत्पन्न २,०५,०००, त्यात यांचे १,२५,०००. दोन्ही मुलांच्या डेकेअरला ३४,००० जातात आणि महिनाअखेर काही उरत नाही. यांचे ४०१-के (नोकरीतले निवृत्तीचे बचत खाते) तीन वर्षे बंद आहे, कारण विम्याचा हप्ता महिना १,२०० आहे. आठव्या वर्षापासून त्यातूनच करमुक्त कर्ज काढून फी भरता येईल, असे एजंट म्हणतात. फी देणगी म्हणून करातून वजा होते, असे मैत्रीण सांगते. फीसवलतीचा अर्ज करायला यांना संकोच वाटतो. परवडेल का?

ताई, मुलीपुरते बोलायचे तर परवडेल. कसे ते पुढे सांगतो. पण तुमचे पत्र वाचताना मी फीवर अडलो नाही, विम्याच्या त्या एका वाक्यावर अडलो. तुमचा सगळा हिशेब तिथे बिघडला आहे.

तुम्ही जोडलेली कागदपत्रे पाहिली. ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी आहे, म्हणजे आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाला जोडलेली बचत एकत्र. तीन वर्षांत ४३,००० डॉलर भरले. खात्यात दिसतात २९,०००, आणि आज पॉलिसी बंद केली तर हातात येतील ११,०००. मधली रक्कम कमिशन, खर्च आणि सरेंडर शुल्कात गेली. एजंटच्या तक्त्यात दर वर्षी ६.३ टक्के धरले आहेत, एकही वाईट वर्ष न येता, पुढची तीस वर्षे. प्रत्यक्षात परताव्याला वरून मर्यादा असते, ती मर्यादा विमा कंपनी बदलू शकते, निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तुम्हाला मिळत नाही आणि विम्याची किंमत वयाबरोबर चढत जाते. आठव्या वर्षापर्यंत तुमचे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास भरून झालेले असतील. त्यातून दोन मुलांची फी कर्जाने उपसायला लागलात तर पॉलिसी कोरडी पडण्याचा धोका आहे, आणि कर्ज बाकी असताना ती बंद पडली तर झालेल्या नफ्यावर कर लागतो. ‘करमुक्त’ या शब्दामागची ही अट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. लहान मुलांच्या आईवडिलांना शिक्षणाच्या नावाखाली अशी पॉलिसी विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

त्याहून मोठे नुकसान ४०१-के बंद केल्याचे आहे. यांची कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत बरोबरीने भर घालते, म्हणजे वर्षाला ६,२५०. तीन वर्षांत जवळजवळ १९,००० डॉलर तुम्ही कंपनीकडेच सोडले. हे पैसे यांच्या पगाराचाच भाग होते. पुढे वर्षाला तुमचे ६,२५० आणि कंपनीचे ६,२५० जमले आणि ६ टक्के मिळाले, तर ६५व्या वर्षी सव्वासहा लाखांच्या आसपास होतात. आज दोघांच्या खात्यांत मिळून १,१०,००० आहेत. म्हातारपणासाठी तुमच्याकडे दुसरे काही नाही.

आणि विमा म्हणूनही ही पॉलिसी अपुरी आहे. यांच्यावर सहा लाखांचे कवच, तुमच्यावर शून्य. तुमच्या ८०,००० पगारावरही हे घर चालते, ताई. दोघांनाही वीस वर्षांचा दहा-दहा लाखांचा साधा टर्म विमा घ्या. प्रकृती ठणठणीत असेल आणि धूम्रपान नसेल तर दोघांचा मिळून वर्षाला २,००० च्या आसपास बसेल. क्रम चुकवू नका: वैद्यकीय तपासणी होऊन नवा विमा हातात येईपर्यंत जुना चालू ठेवायचा, मगच तो बंद करायचा. भरलेले ४३,००० पूर्ण परत येणार नाहीत. त्यांच्यासाठी दर वर्षी आणखी १४,४०० घालत राहू नका.

आता शाळा. हप्त्याचे १४,४०० सुटले. ४०१-केचे ६,२५० त्यातून जातील, पण कर वाचल्यामुळे खिशाला ४,८५० चाच भार पडेल. टर्म विम्याचे २,००० काढले की उरतात साडेसात हजार. मुलीचे डेकेअर थांबेल, ते १७,०००. एकूण साडेचोवीस. शाळेला लागतील २७,०००, कारण २४,००० वर इमारत निधी, सुरक्षेचा आकार, सहली, वार्षिक मेजवानीचे तिकीट हे सगळे येतेच. म्हणजे अडीच हजार कमी पडतात. सुट्ट्याही धरा: रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ, पेसाह या सणांना शाळा बंद असते आणि तुमची ऑफिसे चालू असतात. पॉलिसीतून येणारे ११,००० फीत घालू नका, ते अडीअडचणीसाठी ठेवा. सध्या तुमच्याकडे अशी काहीच गंगाजळी नाही.

खरी अडचण दोन वर्षांनी येईल. मुलगा शाळेत जाईल, त्याच्या डेकेअरचे १७,००० सुटतील, एका मुलाचा शाळेचा एकूण खर्च मात्र तोवर वर्षाला चार टक्क्यांनी वाढत वाढत २९,००० च्या घरात गेलेला असेल. तूट सोळा-सतरा हजारांवर जाईल. एका मुलाची आठवीपर्यंतची फी अडीच लाख, दोघांची पाच लाखांवर, आणि ज्यू हायस्कुले याहून महाग असतात. पगारवाढीने हे भरून निघेल ही आशा मी हिशेबात धरत नाही.

मैत्रिणीला सांगा, फी देणगी म्हणून वजा होत नाही. कॅलिफोर्नियाच्या स्क्लार दांपत्याने निदान धार्मिक शिक्षणापुरता तरी भाग वजा मिळावा म्हणून खटला लढवला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने नकार दिला. ५२९ या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून शाळेची फी भरता येते, पण आज घालून उद्या काढलेल्या पैशांना वाढायला वेळच मिळत नाही. तुमच्या बाबतीत फायदा किरकोळ.

म्हणून फीसवलतीचा अर्ज हाच खरा मार्ग आहे, आणि यांच्या संकोचाबद्दल मला नीट बोलायचे आहे. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या बाबा बथ्रा भागात यहोशुआ बेन गमला यांची गोष्ट येते. ज्याला बाप होता तो शिकत असे, ज्याला नव्हता तो राहून जाई. म्हणून त्यांनी प्रत्येक गावी शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांची मुले त्यांच्याकडे बसवली. शिकवण्याचा भार एकट्या आईबापांवर राहू नये, ही व्यवस्था तुमच्या परंपरेत इतकी जुनी आहे. तुमच्या आजोबांची शाळाही अशीच उभी राहिली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत ती काढली, लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला हात दिला, आणि पुढे देणगीदार सर एली कदूरी यांचे नाव तिला लागले. आजोबांची पुरी फी पणजोबांनीच भरली असेल, असे मला वाटत नाही. यांना हे वाचून दाखवा.

तुमच्या इच्छेला मी चैन म्हणणार नाही. सरकारी शाळेला तुम्ही मालमत्ता करातून पैसे देताच आहात, आणि ती शाळा चांगली असेल. पण शुक्रवारी दुपारी वर्गात मेणबत्त्या आणि ‘हल्ला’ हा शब्बाथचा पाव, पुरीम सणाची सोंगे, हिब्रू अक्षरे रोज डोळ्यांखालून जाणे, शनिवारी वर्गमित्रांच्या घरी जेवण हे रविवारच्या दोन तासांच्या वर्गात होत नाही. एक गोष्ट मात्र शाळेत मिळणार नाही. तिथली बहुतेक घरे अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपीय ज्यूंची, असतील. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा, भिजवलेले पोहे, नारळ आणि मराठी कीर्तने तुम्हालाच घरी सांभाळावी लागतील. प्रवेशाआधी शाळेला विचारा, वर्गात मलिदा करून दाखवता येईल का. उत्तर कसे येते त्यावरून तुमची मुले तिथे रुजतील का ते कळेल.

अर्जात सगळे लिहा, ठाण्यात काही ठेवी असतील तर त्याही. दोन्ही मुलांचा हिशेब आत्ताच मांडा आणि मुलगा येईल तेव्हा सवलत कशी ठरते ते लेखी विचारा. महिना १,२०० चा विम्याचा हप्ता दिसला तर सवलत ठरवणारी समिती त्यावर बोट ठेवणारच, तेव्हा तो आधी निकाली काढा. दोघांसाठी मिळून बारा हजारांची सवलत मिळत असेल तर घाला, उरलेले चार-पाच हजार घरखर्चातून काढता येतील. मिळणारच नसेल, तर मुलीला दोन वर्षांनी मधूनच काढण्यापेक्षा सरकारी शाळा आणि सिनेगॉगचा वर्ग आजच निवडा.

एजंट तुमच्या ओळखीचे आहेत, घरी येणे-जाणे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. टर्म विमा हाती आला की विमा कंपनीला थेट पत्र लिहा आणि सरेंडरचा अर्ज मागवा. एजंटची परवानगी लागत नाही.