फॉग लाइट धुरकट झालेत, आणि खान्देशात धुकं पडत नाही म्हणे

आधी दिव्यावर नखाने टिचकी मारून बघा. टण्ण वाजलं तर काच, बसका टक् असा आवाज आला तर प्लास्टिक. तुम्ही विचारलंय की 2010 च्या गाडीचे फॉग लाइट पिवळट-धुरकट झालेत, टूथपेस्टने निघतील का, नवी जोडी घ्यावी का, की जळगावात तसंही धुकं पडत नाही म्हणून काढूनच टाकावेत. वरच्या सगळ्या उत्तरांत टूथपेस्ट आहे, पण दिवा काचेचा की प्लास्टिकचा हे कोणी विचारलेलं नाही. तरी मी गप्प बसलो असतो. पण तुमचं ते धुक्याचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून दर दिवाळीला ऐकतो. साडू पुण्याचे. त्यांच्या लेखी खान्देश म्हणजे ऊन, केळी आणि शेवभाजी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नाकारतोय कोण? पण जानेवारीत पहाटे पाचला रावेर-सावदा-फैजपूर रस्त्याला गाडी घाला. तापीचं खोरं, दोन्ही बाजूंनी केळीच्या ओल्या बागा, वर कडाक्याची थंडी. सकाळी रस्त्यावर धुकं असं बसतं की पुढचा मैलाचा दगड दिसत नाही. आणि नेमका तोच कपाशीचा हंगाम. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस ठासून भरलेला, मागे ना दिवा ना रेडियम. अशी ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असली तर ती हेडलाइटच्या आधी खालच्या फॉग लाइटला दिसते, कारण त्याचा झोत खाली आणि रुंद पसरतो, साइडपट्टीपर्यंत जातो. त्यामुळे काढून टाकायचं डोक्यातून काढा.

आता कन्नड घाट. मी चाळीसगावचा, त्यामुळे घाट घरचाच. श्रावणात आम्ही दोन गाड्या घेऊन वेरूळला घृष्णेश्वराला निघालो होतो. साडूंची गाडी नवी, त्यात बाहेरून बसवून घेतलेले पांढरेशुभ्र एलईडी. माझी 2008 ची डिझेल. (कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर भक्तमंडळी भांडायला येतील.) तिचे फॉग लाइट मी त्याच उन्हाळ्यात अंगणात बसून साफ केले होते आणि साडूंनी त्यावर घरभर थट्टा केली होती. "दाजी, खान्देशात फॉग लाइट म्हणजे वाळवंटात छत्री!" सगळे हसले. बायकोसुद्धा.

पहाटे निघालो. पायथ्याशी साधा पाऊस होता. अर्ध्या घाटात ढग रस्त्यावर उतरले. तेव्हा घाटात ट्रकही असायचे. अवजड वाहनांना बंदी हायकोर्टाने नंतर, 2023 मध्ये घातली. साडू पुढे होते. त्यांनी जेवढे दिवे होते तेवढे लावले, हेडलाइट अपरला टाकला, आणि समोर पांढरी भिंत उभी करून घेतली. हे व्हायचंच होतं. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. झोत वर गेला की तो त्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. त्यांनी ब्रेक मारला, मी मागून ब्रेक मारला, माझ्या मागच्या ट्रकवाल्याने काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. मग मी पुढे झालो. हेडलाइट डिपरवर, फॉग चालू, वेग सायकलएवढा. डाव्या हाताची पांढरी पट्टी आणि कठड्याचे दगड दिसत होते, तेवढं पुरेसं होतं. साडू माझ्या टेललाइटला धरून वर आले.

वर चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या गाडीची उंची कमी आहे ना, म्हणून दिसलं." टपरीवाल्याला हा वाद इतका आवडला की त्याने विचारलं, "काय शे रे भो?" मी सांगितलं, काही नाही, पुण्याला धुकं जास्त असतं.

असो. तुमच्या दिव्यांचं बघू.

धुरकट लेन्स (दिव्याचं पुढचं पारदर्शक झाकण) ही दिसायला वाईट म्हणून साफ करायची नसते. फॉग लाइटची सगळी किंमत त्याच्या झोताच्या वरच्या कडेला असते. ती कडा सुरीने कापल्यासारखी सरळ हवी. वर अंधार, खाली उजेड. लेन्सवर दुधाळ थर चढला की प्रकाश विखुरतो आणि त्यातला बराच वर जातो. म्हणजे खराब फॉग लाइट धुक्यात अंधारापेक्षा जास्त त्रास देतो. कोणीतरी लिहिलंय की पिवळी पडलेली लेन्स उलट चांगली, पिवळा प्रकाश धुकं भेदतो. भेदत वगैरे काही नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळा-पांढरा भेद करत बसत नाहीत. पिवळा रंग डोळ्यांना जरा कमी खुपतो, एवढंच. आणि उन्हाने पिवळी पडलेली लेन्स म्हणजे पिवळा दिवा नव्हे, तो नुसता खराब दिवा.

प्लास्टिक असेल तर ते पॉलिकार्बोनेट. त्यावर कारखान्यातून एक पारदर्शक कडक थर येतो. आपलं ऊन तो थर खातं, मग आतलं प्लास्टिक पिवळं पडतं. ज्या उन्हामुळे साडू धुकं नाही म्हणतात, त्याच उन्हाने आमचे फॉग लाइट जातात. टूथपेस्टने वरवरचा मळ निघतो, चमक येते, फोटो काढून लोक इथे टाकतात, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. जुना थर पूर्ण उतरवावा लागतो आणि नवा चढवावा लागतो. दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

शक्य असेल तर दिवा बाहेर काढा. बहुतेक गाड्यांत चाकाच्या आतलं प्लास्टिकचं लायनर थोडं सोडलं की हात जातो. शाम्पूने धुवा, मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक): 800, 1000, 1500, 2000, याच क्रमाने, सतत पाणी सोडत. सुरुवातीला पिवळसर दुधाळ पाणी निघेल, तो जुना थर. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. सगळी गंमत इथेच आहे आणि सगळे घाई इथेच करतात. प्रत्येक पेपरची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी लेन्स एकसारखी धुरकट दिसेल, घाबरू नका. कंपाउंडने (पॉलिशच्या बारीक पेस्टने) पॉलिश करा, पूर्ण कोरडी होऊ द्या आणि त्यावर ऊन अडवणारा यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लाख, मारा. मोकळ्या हवेत, मास्क लावून. हार्डनर मिसळून मारायचा जो क्लिअर कोट असतो (टू-के म्हणतात), तो फुप्फुसाला वाईट. हे जमणार नसेल तर गाड्यांवर लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म चिकटवून घ्या. दोन्हीपैकी काहीच करणार नसाल तर आधीची घासाघीस करू नका, कारण उघडं पॉलिकार्बोनेट आपल्या एका उन्हाळ्यात पहिल्यापेक्षा वाईट होईल. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन लेन्सला लावू नका, बारीक तडे जातात.

काच असेल तर हे सगळं विसरा. वॉटर पेपर लावलात तर उलट ओरखडे पडतील. काच पिवळी पडत नाही. तिच्यावरचा पांढरा थर बहुतेक वेळा आपल्या बोअरच्या जड पाण्याचा असतो. गाडी बोअरच्या पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची, दुसरं काय होणार? व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं दिव्यावर थोडा वेळ ठेवा, मग धुवा. संडासच्या टाइल्सचं ॲसिड वापरू नका. हायवेच्या खडीचे टोचे पडले असतील तर ते जात नाहीत, त्यांच्यासकट जगा.

आणि धुरकटपणा आतून असेल तर बाहेरून कितीही घासा. मागचं झाकण उघडा, हवेची नळी चिखलाने बुजली असेल, रबर सुकलं असेल. मे महिन्यात दुपारभर उघडा ठेवला की दिवा खडखडीत वाळतो. आतल्या चंदेरी रिफ्लेक्टरला मात्र फडकं लावायचं नाही. तो थर इतका पातळ असतो की पुसताना धुळीबरोबर निघून येतो.

आमच्याकडच्या एका ॲक्सेसरीवाल्याने मला सांगितलं होतं, हे साफ होत नसतं, जोडी बदला आणि एलईडी घ्या. त्याचा धंदा आहे, तो तेच सांगणार. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबला की ती सरळ कडा बिघडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. साडूंकडे नेमकं तेच होतं. बल्ब 55 वॅटचा असेल तर 55 चाच घाला. 100 घातला तर प्लास्टिकची लेन्स वितळू शकते.

हां, नवी जोडी घ्यावी लागते तेही सांगतो: रिफ्लेक्टर काळा पडून पापुद्रे सुटले असतील, किंवा लेन्सला आरपार तडा असेल. तेव्हा पॉलिशवर वेळ घालवू नका. काही गाड्यांत दिवा काढायला अख्खा बंपर उतरवावा लागतो, तिथे जागेवरच भोवती मास्किंग टेप लावून घासा, काम थोडं कमी सुबक होईल. आणि दिवा परत बसवल्यावर सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करून झोत बघा. उजेडाची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. बहुतेक दिव्यांना त्यासाठी एक स्क्रू असतो. तो जुन्या गाडीत गंजून बसलेला असतो, म्हणून ताकद लावण्याआधी आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.