कागद हरवलाय, अ‍ॅफिडेव्हिट केलं की झालं का? : वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयाची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. कुणाचा कागद घर बदलताना गेला, कुणाचा एसटीत राहिला, कुणाच्या कपाटात वाळवी लागली, आणि प्रत्येकाला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलंय की अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र करून टाका, काम होतं. पत्रं थोडक्यात दिलीत, नावं गाळलीत.

प्रश्न : सर, माझी दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही एसटीत राहिले. कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले काका म्हणतात ५०० च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून देतो, तेच ओरिजिनलच्या जागी चालतं. खरं का? पुढच्या महिन्यात कॉलेजची अ‍ॅडमिशन आहे.

उत्तर : नाही चालत. काका टायपिंग उत्तम करत असतील पण हे त्यांनी चुकीचं सांगितलंय. प्रतिज्ञापत्रात तुम्ही शपथेवर एवढंच सांगता की असा असा कागद माझ्याकडे होता, तो अमुक ठिकाणी गहाळ झाला, शोधूनही मिळाला नाही. त्याने मार्कशीट तयार होत नाही. मार्कशीट बोर्डाच्या रेकॉर्डमधून निघते आणि दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. प्रतिज्ञापत्र लागतं ते हे रजिस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याने दुसरी प्रत द्यावी म्हणून. त्यामुळे कुठलाही कागद हरवला की पहिला प्रश्न स्टॅम्प कितीचा हा नाही, याची मूळ नोंद कुठल्या ऑफिसच्या कुठल्या रजिस्टरला आहे हा विचारायचा, आणि त्या ऑफिसला जाऊन त्यांना नेमकं काय लागतं ते आधी लिहून घ्यायचं. लोक उलटं करतात, आधी प्रतिज्ञापत्र करतात आणि मग ते घेऊन खिडक्या शोधत फिरतात.

तुमचं काम असं करा. आधी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाइन होते, नाहीतर स्टेशनला जाऊन करा, पण तिथे हरवलं असेल तर हरवलंच सांगा, चोरीला गेलं म्हणू नका, चोरी म्हटलं की गुन्हा दाखल करायचा विषय होतो आणि ते प्रकरण वेगळं चालतं. मग शाळेत जा. दाखल्याची दुय्यम प्रत मुख्याध्यापक देतात, त्यावर तसा शिक्का असतो, त्याला घाबरू नका, तो असायलाच हवा. मूळ दाखला दुसरीकडे कुठे प्रवेशासाठी दिलेला नाही हे तुमच्याकडून लिहून घेतात कारण त्यांना तीच भीती असते. मार्कशीटच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज शाळेमार्फत तुमच्या विभागीय मंडळाकडे जातो. आणि तोपर्यंत अ‍ॅडमिशन अडू नये म्हणून डिजिलॉकर (केंद्र सरकारचं कागदपत्रांचं अॅप) उघडून बघा, राज्य मंडळाच्या बऱ्याच वर्षांच्या मार्कशीट तिथे आहेत आणि तिथून थेट आलेला कागद मूळ कागदासारखाच धरायचा असा केंद्राचा नियम आहे. हां, स्वतः फोटो काढून अपलोड केलेला कागद त्यात येत नाही, बोर्डाने जारी केलेला असला पाहिजे.

आता स्टॅम्पचं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० चा स्टॅम्प ५०० वर गेला, तेव्हापासून जो तो ५०० चा स्टॅम्प मागत सुटलाय. पण शासकीय कार्यालयात किंवा कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे आणि ती माफी रेट वाढल्यावरही कायम आहे. जात, उत्पन्न, रहिवास वगैरे दाखल्यांसाठी साधा कागद चालतो. इतकंच नाही, बऱ्याच सेवांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये प्रतिज्ञापत्रच काढून टाकून साधं स्वघोषणापत्र आणलं, पण खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यातून जुनी पद्धत जात नाही आणि स्टॅम्प विकणाऱ्याने ती का घालवावी. खाजगी शाळा, बँक, सोसायटी यांच्यासाठी मात्र माफी नाही असंच धरून चाला आणि त्यांना काय चालतं ते आधी विचारा.

प्रश्न : वडील मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावावरच्या जागेचं १९९४ चं खरेदीखत सापडत नाही, आईला फक्त एवढंच आठवतं की ते लोखंडी पेटीत असायचं. आता जागा विकायची आहे. मी मुलगा म्हणून प्रतिज्ञापत्र केलं तर चालेल का? एजंट म्हणतो इंडेक्स टू काढा, बस झालं.

उत्तर : दादा, इथे तीन गोष्टी एकमेकांत अडकल्यात, सोडवून बघू.

खरेदीखत रजिस्टर झालेलं असेल तर त्याची पूर्ण नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये आहे आणि नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे तिची प्रमाणित प्रत फी भरून कुणालाही मागता येते. त्यासाठी प्रतिज्ञापत्रही लागत नाही. लागतो तो दस्त क्रमांक आणि वर्ष, आणि तोच नेमका कुणाकडे नसतो. जमीन असेल तर तलाठ्याकडून, किंवा जुना असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून, खरेदीचा फेरफार (जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याची नोंद) काढा. सातबारावर वडिलांच्या नावाजवळ गोलात जो आकडा असतो ना, तोच फेरफार क्रमांक, आणि त्या फेरफाराच्या मजकुरात बहुतेक वेळा "रजि. खरेदीखत नं. अमुक, दिनांक अमुक" असं लिहिलेलं सापडतं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या फाईलमध्ये कॉपी असते, कर्ज काढलं असेल तर बँकेच्या फाईलमध्ये. एवढा एक आकडा मिळाला की निम्मं काम झालं समजा.

एजंटचं इंडेक्स टू म्हणजे फक्त गोषवारा. कोणी कोणाला काय कितीला विकलं एवढं त्यात असतं, अटी शर्ती नसतात. शोधायला उपयोगी, पण खरेदीखत म्हणून पुढे करू नका.

आता प्रतिज्ञापत्र. ते घेणारा मागेल, त्याची बँक मागेल, कारण मूळ खरेदीखत कुठे गहाण तर ठेवलेलं नाही ना ही शंका प्रमाणित प्रतीने फिटत नाही. म्हणून पोलिसांकडची नोंद, वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस, साधारण १४ किंवा १५ दिवस हरकतीसाठी, मग प्रतिज्ञापत्र आणि त्याच्याबरोबर नुकसानभरपाईचा बॉण्ड (पुढे यातून कुणाचं नुकसान झालं तर भरून देईन अशी लेखी हमी), असा सगळा संच मागतात. आणि तुम्ही त्यात काय लिहिता हे फार महत्त्वाचं. टायपिंगवाल्याकडचा तयार मसुदा असा असतो, "सदर खरेदीखत माझ्या हातून प्रवासात गहाळ झाले". तुमच्या हातून झालंच नाहीये! तुम्ही ते कदाचित पाहिलंही नसेल. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १९ मध्ये म्हटलंय की प्रतिज्ञापत्र स्वतःला माहिती असलेल्या गोष्टींपुरतंच असावं. मग लिहायचं असं : खरेदीखत वडिलांच्या ताब्यात होतं, ते पेटीत ठेवत असत ही माहिती आईकडून मिळाली, वडील अमुक तारखेला वारले, त्यानंतर मी घरात, पेटीत, बँकेच्या लॉकरमध्ये शोध घेतला, मिळालं नाही, माझ्या माहितीप्रमाणे ते कुठे गहाण वा तारण दिलेलं नाही, पुढे सापडलं तर हजर करीन. आईचंही वेगळं प्रतिज्ञापत्र करून घ्या, पेटीत असायचं हे तिला ठाऊक आहे, तुम्हाला ऐकीव. दस्त क्रमांक, तारीख, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, कार्यालयाचं नाव न विसरता टाका, "काही कागदपत्रे" असं मोघम लिहिलेलं प्रतिज्ञापत्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

उद्या कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६० प्रमाणे मूळ दस्त हरवला असेल तेव्हा दुय्यम पुरावा, म्हणजे मूळऐवजी प्रमाणित प्रत वगैरे, देता येतो, पण मूळ होता आणि तो हरवला हे आधी पटवावं लागतं. ते पटवताना हाच तपशील कामाला येतो.

आणि तिसरी गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाही. वारस कोण कोण हे वेगळं प्रकरण आहे, सगळ्या वारसांची नोंद झाल्याशिवाय आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय विक्री पुढे सरकणार नाही, हरवल्याच्या प्रतिज्ञापत्राने ते सुटत नाही. व्यवहार १९९४ ला रजिस्टर न होता नुसता स्टॅम्पवर झाला असेल तर मात्र कुठल्याच ऑफिसात नक्कल नाही, तेव्हा सरळ वकील गाठा.

प्रश्न : होम लोन फिटलं, बँक म्हणते तुमची फाईल सापडत नाही, तुम्हीच हरवल्याचं अ‍ॅफिडेव्हिट करून द्या म्हणजे आम्ही पुढची प्रोसेस करू. करू का?

उत्तर : अजिबात नका करू. त्यांनी हरवलं आणि शपथ तुम्ही घ्यायची, ही कुठली रीत? रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे, तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले तर प्रमाणित प्रती मिळवायला बँकेने मदत करायची आणि खर्चही बँकेने सोसायचा, त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे एकूण ६० दिवसांनंतर भरपाईचं मीटर सुरू. तुमची फाईल बँकेच्या ताब्यात असताना गहाळ झाली असं बँकेच्या लेटरहेडवर लिहून मागा, कागदांच्या यादीसकट. विकताना ते पत्र तुमच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा जास्त कामाला येतं. नाहीच म्हणाले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

प्रश्न : आईचा जन्म १९५८ चा, खेड्यात, घरी. तिचा जन्मदाखला हरवलाय. तिला पासपोर्ट काढायचाय, प्रतिज्ञापत्रावर होईल का?

उत्तर : ताई, हरवलाय की कधी काढलाच नव्हता? त्या काळात बहुतेक दुसरंच असतं. नोंद असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज करून पुन्हा दाखला मिळतो, शपथबिपथ काही नाही. जुन्या नोंदी ग्रामपंचायतीत नाही सापडल्या तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ बघायला सांगा, विदर्भातलं गाव असेल तर कोतवाल बुक (तिथली जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही). नोंदच नसेल तर प्रतिज्ञापत्राने दाखला मिळत नाही. वर्षापेक्षा जुन्या जन्माची उशिरा नोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलाय आणि पुरावे नीट तपासतात. पण तुम्हाला त्या वाटेला जायची गरजच दिसत नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला, पॅन, लायसन्स असे इतर कागद चालतात. आईकडे यातलं एक तरी असेल.

प्रश्न : पाकीट मारलं, आधार, पॅन, लायसन्स सगळं गेलं. नोटरी किती ठिकाणी करायची?

उत्तर : एकही नाही. आधार आणि पॅन ऑनलाइन परत मिळतात, आधार नंबरही आठवत नसेल तर रजिस्टर मोबाइलवरून काढता येतो किंवा १९४७ या आधारच्या हेल्पलाइनला फोन करा. लायसन्सची डुप्लिकेट परिवहन खात्याच्या सारथी वेबसाइटवर अर्ज करून. पाकीट मारलंय म्हणजे चोरी, पोलिसांत तशीच तक्रार द्या, आणि कार्डं ब्लॉक करा आधी.

प्रश्न : आमच्या घराचं खरेदीखत मोठ्या भावाकडे आहे, तो देत नाही. मित्र म्हणतो हरवलं म्हणून प्रतिज्ञापत्र कर आणि डुप्लिकेट काढ, कोण तपासतंय. सल्ला द्या.

उत्तर : भाऊच तपासेल. जाहीर नोटीस आली की पहिली हरकत त्याचीच येईल, मूळ कागदासकट. मग तुम्ही शपथेवर खोटं बोललात हे सिद्ध करायला त्याला काहीच कष्ट नाहीत. शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर शपथेवर खोटं सांगणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २१६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि नोटरी, कार्यकारी दंडाधिकारी हे सगळे तसे अधिकार असलेलेच. शिवाय पुढे वाटणीचा दावा झाला तर हेच प्रतिज्ञापत्र तुमच्या प्रत्येक म्हणण्यावर पाणी फिरवेल.

आणि गंमत म्हणजे खोटं बोलायची गरजच नाहीये. प्रमाणित प्रत वर सांगितल्याप्रमाणे तुम्हाला तशीही मिळते, त्याला भावाची परवानगी लागत नाही. कुठे लिहून द्यायची वेळ आलीच तर खरं तेच लिहा, मूळ दस्त थोरल्या भावाच्या ताब्यात आहे, मागूनही दिला नाही, अमुक तारखेला रजिस्टर पोस्टाने मागणी केली, पोच सोबत जोडली आहे. कागद सावकाराने अडकवला असेल त्यांनीही हेच करावं, हरवला म्हणू नये, उलट महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे तक्रार द्यावी.

जाता जाता एक, हे सगळ्यांसाठीच. सही नोटरीसमोर करा, घरून सही करून पोराच्या हाती पाठवू नका. नोटरीच्या रजिस्टरमध्येही तुमची सही घेतली ना, कागदावर त्यांचा शिक्का, नोंद क्रमांक, तारीख, नोटरीचं तिकीट आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. आणि मसुदा शेवटपर्यंत वाचा, आदल्या गिऱ्हाइकाचं गाव तुमच्या पत्त्यात राहून गेलेली प्रतिज्ञापत्रं माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात.