स्थानबद्धतेचा आदेश निघाल्यावर

प्रश्न: धाकट्या भावाला एमपीडीए (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती आदींना आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या) कायद्याखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध केले आहे. जुन्या दोन गुन्ह्यांत तो जामिनावर होता. 24 तासांत कोर्टापुढे नेले नाही, खटलाही नाही. हे चालते का? स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील देता येईल का?

उत्तर: चालते. 24 तासांचा आणि वकिलाचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे, पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला (शिक्षा म्हणून नव्हे, पुढचे गुन्हे टाळण्यासाठी डांबण्याला) त्यातून वगळले आहे तेही त्याच अनुच्छेदाने. तेव्हा भाऊ निर्दोष कसा हे सांगण्यात पाने घालवू नका. असे आदेश बहुधा तारखांतल्या आणि कागदांतल्या चुकांमुळे रद्द होतात.

आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष स्थानबद्ध केल्याची तारीख वेगवेगळ्या लिहून ठेवा. पोलीस आयुक्तांचा किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश राज्य सरकारने 12 दिवसांत मंजूर करायचा असतो. हे दिवस आदेशापासून मोजतात. स्थानबद्धतेची कारणे भावाला 5 दिवसांत कळवायची, प्रकरण मंडळाकडे 3 आठवड्यांत, मंडळाचा अहवाल 7 आठवड्यांत. हे सगळे स्थानबद्ध केल्यापासून.

आदेशाविरुद्धचे निवेदन लगेच द्या, मंडळाच्या तारखेची वाट पाहू नका. तीन प्रती करा: आदेश काढणारे अधिकारी, राज्य सरकार आणि मंडळ. तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवून पोच घ्या. सरकारची मंजुरी येईपर्यंत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही दाद मागता येते. हा हक्क कळवलाच नाही, तर आदेश टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये एमपीडीएच्याच प्रकरणात म्हटले आहे. निवेदनावर सरकार विनाकारण बसून राहिले, तर तो विलंबही तुमच्या बाजूने जातो.

मग कागद तपासा. जामिनाचे आदेश अधिकाऱ्यापुढे ठेवले होते का? प्रती वाचता येतात का, भावाला समजणाऱ्या भाषेत आहेत का? नाव न सांगता साक्षीदारांनी दिलेल्या गोपनीय जबाबांची वरिष्ठांनी खातरजमा केल्याची नोंद आहे का? आणि दोघांतली मारामारी म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका नव्हे. हा भेद 1966 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या राम मनोहर लोहिया निकालापासून चालत आला आहे.

मंडळापुढे वकिलाचा हक्क नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ए. के. रॉय निकालानुसार (1982) वकील नसलेला मित्र सोबत नेता येतो. तशी मागणी लेखी करा. सरकारतर्फे वकील किंवा कायदा सल्लागार उभा राहिला, तर तुम्हालाही वकील मिळायला हवा.

उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची (बेकायदा कोठडीतून सुटकेसाठीची) याचिका करायला मंडळाच्या निर्णयाची गरज नाही. उशीर केलात तर याचिका सुनावणीला येईतो वर्ष सरते. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न: आणीबाणीनंतर हे सारे बंद झाले होते ना?

उत्तर: मिसा (आणीबाणीत वापरलेला स्थानबद्धतेचा कायदा) गेला, 1980 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीत मंडळाच्या संमतीशिवाय ठेवण्याची कमाल मुदत 3 महिन्यांवरून 2 वर आणली होती. संसदेने मंजूर केलेले ते कलम कोणत्याही सरकारने आजवर लागू केलेले नाही.