खापरांचा कंटाळा येतो, निवड चुकली का?

प्रश्न : ताई, मी प्राचीन संस्कृतींच्या पुरातत्त्वाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याचा मुखवटा आणि इराकमधल्या उर या प्राचीन शहरातली राजथडगी यांच्याविषयी वाचून इकडे वळले. प्रत्यक्षात तीन महिने मातीचे थर, खापरांची मोजमापं, रेखाटनं आणि संख्याशास्त्र एवढंच चाललं आहे. वर्गात मन लागत नाही. माझी निवड चुकली का? आणि पुढे जी संस्कृती घ्यायची, तिच्यावरच आतापासून लक्ष द्यावं का?

उत्तर : तुझं पत्र वाचताना मला माझा पहिला उत्खनन-हंगाम आठवला. खापरं धुऊन वाळत घालायचं काम माझ्याकडे होतं. एका पिशवीची चिठ्ठी पाण्यात भिजली आणि तिच्यावरचा थराचा क्रमांक पुसला गेला. आत बेचाळीस खापरं होती, एकालाही धक्का लागला नव्हता. सर रागावले नाहीत. त्यांनी मला नोंदवहीत माझ्याच हातानं लिहायला लावलं : ‘थर अज्ञात’. त्या बेचाळीस खापरांवरून पुढे कुणालाच काही सांगता आलं नाही. ती नोंद लिहिली त्या संध्याकाळी मला हा विषय कळायला लागला.

एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. म्हणून वस्तू जपावी तितकंच ती कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे जपावं लागतं. हाइनरिश श्लीमानचं उदाहरण घे. होमरच्या महाकाव्यातल्या ट्रॉय नगराच्या शोधात त्यानं तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकाडातून प्रचंड चर खणला आणि 1873 मध्ये त्याला सोनं सापडलं. ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हणून त्यानं ते जाहीर केलं. पण तो थर ट्रोजन युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा हजाराहून जास्त वर्षांनी जुना निघाला, आणि त्या काळाच्या वरच्या थरांतला बराच भाग त्यानं स्वतःच खणून टाकला होता. तुला कंटाळवाणा वाटणारा थरांचा तास त्याला मिळाला असता तर, असं मला आजही वाटतं.

आता खापरांविषयी. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री याच्यापुढे इजिप्तच्या राजवंशांपूर्वीची शेकडो थडगी होती. त्यांत लेख नाहीत, नाणी नाहीत, आणि एकावर एक थरही नाहीत. मग आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं? त्यानं प्रत्येक थडग्यासाठी एक पट्टी केली, तीत सापडलेली भांडी तिच्यावर मांडली, आणि सारख्या पट्ट्या जवळजवळ येईपर्यंत त्या पुढेमागे हलवत राहिला. एका प्रकारच्या रांजणाला धरायला नागमोडी कान होते. ते पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, मग धरण्याच्या कामाचे उरले नाहीत, शेवटी भांड्याभोवती नुसती नक्षीची रेघ उरली. त्या रेघेनं क्रम लावून दिला. 1899 मध्ये त्यानं हा क्रम छापला तेव्हा क्रमाचे आकडे 30 पासून सुरू केले, कारण याहून जुनं काही निघालं तर त्याला जागा हवी! कार्बन-14 वरून वस्तूंचं वय काढण्याची पद्धत तेव्हा पन्नास वर्षं दूर होती. तू आज मोजतेस तो काठाचा व्यास आणि शिकतेस ते संख्याशास्त्र याच वाटेवरचं आहे.

आणि उर? तिथल्या वीणेचं लाकूड मातीत पूर्ण कुजून गेलं होतं. तिथं उत्खनन करणाऱ्या लेनर्ड वुली यांना मातीत पोकळी दिसली, तिच्यात त्यांनी प्लास्टर ओतलं, आणि नाहीशा झालेल्या लाकडाचा आकार हाती आला. ज्याला मातीतलं भोक दिसत नाही, त्याला ती वीणाही दिसली नसती.

एकाच संस्कृतीवर आत्तापासून लक्ष देऊ नकोस. भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 20 सप्टेंबर 1924 च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये हडप्पा आणि मोहेंजोदडोची छायाचित्रं छापली, तेव्हा त्या शहरांचा काळ ठरत नव्हता. वाट दाखवली ती पश्चिम आशियाचा अभ्यास करणाऱ्यांनी. त्यांनी छायाचित्रांतल्या मुद्रांचं, म्हणजे कोरीव शिक्क्यांचं, तिकडच्या वस्तूंशी साम्य ओळखलं, आणि सिंधू संस्कृती एकदम इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकात गेली. एकच संस्कृती वाचलेल्याला ते साम्य दिसणं कठीण. दुसऱ्या वर्षी एखादी प्राचीन भाषा मात्र जरूर घे, कारण तिला वर्षं लागतात.

निवड चुकली का, हे मी इथून ठरवणार नाही. पुढच्या रेखाटनाच्या तासाला एकच खापर घे. काठ, माती, भाजणी, आतल्या बाजूची काजळी, सगळं बघ आणि हे भांडं कशाला वापरलं असेल ते पानभर लिही. ते लिहिताना तास संपल्याचं तुला कळलं की नाही, ते मला कळव.