माणूस बाहेर, तपासणी आत

मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. गावात कोरोनाच्या केसेस वाढल्यात, घरी वयस्कर आई-वडील आहेत, म्हणून महिनाभर जनावरांच्या दवाखान्याचं शटर ओढून सगळं व्हिडिओ कॉलवर चालवावं का, असं विचारतेस. त्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले ८ सिंह पॉझिटिव्ह निघाल्याच्या बातमीने मालकही बावरलेत. तुझ्या भीतीत काही चूक नाही, पण कात्री तू भलत्याच ठिकाणी लावते आहेस. माणसांची ये-जा कमी कर. तपासणी कमी करू नकोस.

फोन घे, जरूर घे. त्यावर हकिगत विचारायची आणि कोणाला आज आणायचं ते ठरवायचं, एवढंच. नखं, दात, केस, ठरवून केलेली नसबंदी ढकल पुढे. मोठ्या कुत्र्याचा वार्षिक बूस्टर दोन-चार आठवडे लांबला तरी चालतो. पिल्लांचं वेळापत्रक मात्र हलवायचं नाही: ६ ते ८ आठवड्यांना पहिली लस, मग वय १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढचा डोस. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती उतरलेली आणि लस लागू व्हायची, नेमक्या या मधल्या काळात पार्व्हो, म्हणजे रक्ती हगवण लावणारा विषाणू, गाठतो. कुत्रं चावलेल्या जनावराच्या रेबीजच्या लसीचे ०, ३, ७, १४, २८ हे दिवसही लॉकडाऊन पाहून बदलत नाहीत. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायला मात्र फोनवरच सांग, हातमोजे घालून.

आता फोन कुठे दगा देतो ते बघ. ‘मांजराला शी होत नाहीये, सारखं ट्रेमध्ये बसतंय.’ नर असेल तर लघवी तुंबलीय असंच धरून चाल, आणि दिवस मावळायच्या आत टेबलावर घे. मूत्राशय दगडासारखं लागतंय का, हे कॅमेऱ्याला कळत नाही. नसबंदी न झालेली कुत्री, माजावर येऊन महिना-दोन महिने झालेत, पाणी फार पितेय, जेवत नाही: पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. मालक मात्र ‘उन्हाने झालं असेल’ म्हणतो. छाती खोल असलेलं मोठं कुत्रं ओकायला जातं, पडत काही नाही, पोट तट्ट फुगलंय: पोटाला पीळ, तिथे वाट बघायला वेळच नसतो. आणि प्रत्येक कॉलवर एक प्रश्न विचारायचाच: घरातली कुठली गोळी दिलीत? आज घरोघरी पॅरासिटामॉलची पाकिटं आहेत. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर दिसल्या तर चर्चा थांबव आणि बोलावून घे.

व्हिडिओ कॉल म्हणजे तपासणी नव्हे. हे मी शंभरदा सांगेन, तू कंटाळलीस तरी.

आता जनावर हातोहात देण्याघेण्याचं. तुझ्याकडे गाड्या उभ्या करायला जागा नाही, लोक दुचाकीवरून येतात, म्हणून झाडाखाली खुणा आखून बसव. मालक तिथूनच फोनवर हकिगत सांगेल. मदतनीस बाहेर जाऊन आधी दवाखान्याचा फासाचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालेल, तो घट्ट बसला की मगच मालकाने आपला पट्टा सोडायचा. हा क्रम उलटला की कुत्रं रस्त्यावर सुटलंच म्हणून समज. मास्क घातलेले अनोळखी चेहरे बघून आधीच ते बिथरलेलं असतं. चावरं असेल तर मुसकं मालकाने स्वतः बांधायचं, तेही आधी. मांजर बंद कॅरिअरमध्येच घ्यायचं. वजन काट्यावर, ताप थर्मामीटरने, छातीला स्टेथो, पोटाला हात: यातलं काहीही गाळायचं नाही. निदान आणि डोस फोनवर समजाव, पैसे यूपीआयने.

मालकच पॉझिटिव्ह असेल तर जनावर घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या कोणाकडून आणव. जनावराला सॅनिटायझर किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, फरशी-टेबलाचं जंतुनाशक) चोळू नका, हे बजावून सांग. ते चाटतात, तोंड पोळतं. टेबलासाठी ५ टक्क्यांचं हायपो २० मिली, त्यात पाणी घालून १ लिटर कर. द्रावण रोज ताजं, आधी साबणाने पुसून, मग १० मिनिटं ओलं ठेवायचं. रक्त-विष्ठा तशीच असताना ओतलंस तर क्लोरिन तिच्यातच संपतं. पार्व्होच्या पेशंटनंतर हेच प्रमाण लिटरला ३३ मिलीवर ने. निव्वळ स्पिरिटने तो विषाणू मरत नाही, आणि हल्ली सगळा भरवसा स्पिरिटवरच.

ऑक्सिजनची तंगी आहे, तो माणसांनाच आधी मिळायला हवा, यावर वाद नाही. तुझ्याकडचा बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. ते तास सिझेरियन, पायोमेट्रा आणि पोटाच्या पिळासाठी राखून ठेव. शिरेतून भूल दिलीस तरी श्वासनलिकेत नळी आणि हाताशी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हवीच.

गाईगुरांचं तुला वेगळं सांगायला नको, पण सांगतो. व्यायल्यावर खाली बसलेल्या गाईला फोनवरून ‘कॅल्शियमची बाटली पाजा’ म्हणू नकोस. दुग्धज्वरात, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरतं तेव्हा, गिळण्याची ताकद गेलेली असते, औषध फुप्फुसात जातं. स्वतः जा. गाय उघड्यावर बांधून ठेवायला सांग, जवळ एकच माणूस, तोही डोक्याकडे. ४५० मिली कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश, एका कानाने हृदयाचे ठोके ऐकत. हे कुठल्या स्क्रीनवर करणार?

लोक म्हणतील, डॉक्टरीणबाई माणुसकी विसरल्या, लेकरासारखं कुत्रं आत आणि आम्हाला उन्हात. मलाही म्हणतात. म्हणू देत. मालक आत नसला तर जनावराचं बिघडत नाही, तपासणी झाली नाही तर बिघडतं. अपवाद एकच: दयामरण. तेव्हा खिडक्या उघडून, मास्क लावून, घरचं एक माणूस आत येऊ दे. तिथे मी कोणाचंच ऐकत नाही.

मदतनिसांच्या दोन जोड्या कर, आठवड्याआड, एकमेकींशी गाठ पडणार नाही अशा. एक जोडी विलगीकरणात गेली तरी दुसरी दार उघडेल. आई-वडिलांसाठी दवाखान्यातच कपडे बदल, आंघोळ करून घरी जा.

फोनवर विचारायच्या प्रश्नांची यादी उद्यापर्यंत पाठव. नर मांजराचा प्रश्न सगळ्यात वर हवा. खाली दिसला तर यादी परत पाठवीन.

तुझा,
सर