शेतातल्या घरापर्यंत बंब पोचतो कसा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुरमुरीच्या पुढं शेतात घर बांधलंय, आई-वडील तिथंच असतात. घराला नंबर नाही, गुगलवर टाकलं तर भलत्याच बांधावर खूण दिसते, आणि मध्ये एकदा ११२ लावला तर फोन महाराष्ट्रात लागला. उद्या गंजीला आग लागली तर गाडी घर कसं शोधणार? मी कर्नाटक अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. नोकरी बहुतेक बेळगाव आणि खानापूर भागातच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंब घरावर येत नाही, फाट्यावर येतो. फाट्यापासून पुढं त्याला कुणीतरी माणूस घेऊन जातो. गाडी स्टेशनातून सुटताना ड्रायव्हरला तीनच गोष्टी हव्या असतात: रस्ता कुठला, फाटा कुठला आणि फाट्यावर कोण उभं आहे. वेंगुर्ला रोड धरला की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळीला आपली हद्द संपते, हे बेळगावच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. तुरमुरी म्हटलं की कचरा डेपो डोळ्यांसमोर येतो, त्यामुळं तिथपर्यंत कुणी चुकणार नाही. डांबर सोडून गाडी पाणंदीला लागली की मग खरी शोधाशोध.

पण डांबरावरसुद्धा घोळ होतात, आणि ते नावांमुळं. सुळगा हिंडलग्याजवळ आहे आणि येळ्ळूरजवळही आहे, म्हणून तर वर्तमानपत्रवाले नावापुढं कंसात खूण करतात. कुडची म्हटलं तर बेळगावला लागून असलेली बसवन कुडची की रायबाग तालुक्यातली कुडची? कंग्राळी बुद्रुक की खुर्द? गावात शिरल्यावर तर विचारूच नका. मारुती गल्ली, लक्ष्मी गल्ली आणि शिवाजी चौक नसलेलं गाव मला तरी आठवत नाही. आणि ‘पाटलांच्या घराला आग’ असा फोन आला तर निम्मं गाव पाटील असतं.

त्यामुळं फोनवर सांगायचा क्रम उलटा ठेवा. आपल्याला सवय असते घरापासून सुरुवात करायची: ‘आमच्या आबांच्या मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला.’ ऐकणाऱ्याला तुमचे आबा माहीत नसतात. ११२ चा फोन आधी बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि तिथून जिल्ह्याकडं येतो. तिथल्या मुलीला उचगाव कुठं आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग जवळचं मोठं गाव, मग रस्ता, मग फाटा. मळा सगळ्यात शेवटी. ग्रामपंचायतीच्या कन्नड पाटीवर गावाचं नाव जसं आहे तसं एकदा उच्चारून दाखवा, म्हणजे तिकडं टाइप करताना चूक होत नाही. काय पेटलंय आणि आत कुणी अडकलंय का, हेही त्याच दमात सांगा. घर, गंजी, ऊस आणि गॅस यांना आम्ही वेगवेगळ्या तयारीनं निघतो.

आता महाराष्ट्रात लागलेल्या फोनबद्दल. ११२ कुठं जाणार हे सिमवर नाही, टॉवरवर ठरतं. बाची-तुरमुरीच्या शिवारात पुष्कळदा शिनोळीकडचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या कक्षात जातो. असं झालं तर फोन कापू नका. पहिलंच वाक्य ‘मी कर्नाटकातून बोलतोय, जिल्हा बेळगाव’ असं म्हणा आणि निरोप पलीकडं द्यायला सांगा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बेळगाव अग्निशमन स्टेशनचा थेट नंबर, आधी बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ लावून, फिरवायचा. स्टेशनच्या वॉचरूममध्ये, म्हणजे फोन घेणाऱ्या खोलीत, चोवीस तास माणूस असतो आणि त्याला मराठी कळतं. माझा सल्ला विचाराल तर सीमेवरच्या गावांनी हा थेट नंबरच पहिला ठेवावा. दोन्हीकडची व्यवस्थाही सारखी नाही. आपल्याकडं अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे. महाराष्ट्रात ते बहुतेक महापालिका आणि नगरपालिकांच्या हातात असतं, त्यामुळं चंदगडच्या बाजूला खेड्यात आग लागली की गाडी बरीच लांबून येते. तिकडचे फोन आमच्याकडं यायचे, साहेबांना विचारून गाडी जायचीही.

वॉचरूमवाला तुमचा नंबर लिहून घेतो आणि लगेच उलटा फोन करतो. त्याचा राग मानू नका. खोटे फोन फार येतात, म्हणून ही खातरजमा असते. गाडी तोवर हलायला लागलेली असते.

लोकेशनचं सांगतो, कारण आजकाल सगळ्यांचा भरवसा त्यावरच. व्हॉट्सअॅपवर आलेलं ठिकाण बहुतेक वेळा आगीचं नसतं, फोन करणाऱ्याचं असतं. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली ही भीमगड अभयारण्यातली गावं घ्या. तिथं रेंज मिळत नाही, म्हणून माणूस रेंजसाठी लांब टेकावर किंवा रस्त्यावर येऊन फोन लावतो आणि तिथूनच लोकेशन पाठवतो. गाडी इमानानं त्या टेकाखाली जाऊन उभी राहते. दुसरा प्रकार पुण्या-मुंबईचा. गावातून भावाला फोन जातो, भाऊ तिकडून आम्हाला फोन करतो आणि घाईत ‘सध्याचं ठिकाण’ दाबतो. पुण्यातल्या सोसायटीची खूण आमच्या मोबाइलवर येते.

म्हणून आज, काही पेटलेलं नसताना, घराच्या अंगणात उभं राहून नकाशावर बोट दाबून धरा. तिथं आकड्यांची एक जोडी येते आणि अधिक चिन्ह असलेला एक छोटा कोडही येतो. दोन्ही कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. आपल्या भागात पहिला आकडा १५ किंवा १६ नं आणि दुसरा ७४ नं सुरू होतो. तसं नसेल तर काहीतरी गडबड आहे. पोस्ट खात्यानं २०२५ साली डिजिपिन म्हणून दहा अक्षरांचा नवा कोड काढलाय, तो जवळपास ४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. चांगली गोष्ट आहे, पण रात्री दोन वाजता धावत्या गाडीत तो कुणी उघडेल यावर आज तरी विसंबू नका. सर्व्हे नंबरचंही तसंच. कर्नाटक सरकारच्या दिशांक या जमिनीच्या नकाशाच्या अॅपवर तो टाकला तर शेत नकाशावर दिसतं आणि उसाच्या मोठ्या आगीत त्याचा उपयोग होतो. ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा, नंबर मात्र आमच्या काही कामाचा नाही.

नकाशाचा दुसरा दोष असा की तो मोटारसायकलची वाट आणि बंबाची वाट यांत फरक करत नाही. साडेचार हजार लिटर पाणी भरलेली गाडी म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन, वर गाडीचं वजन वेगळं. ओढ्यावरच्या साकवावर ती घालायला ड्रायव्हर धजत नाही, आणि बरोबरच करतो. सुगीत पाणंदीत उसाचे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर उभे असतात. यात्रेच्या दिवसांत गल्लीत मांडव असतो. काही गावांच्या कमानी इतक्या ठेंगण्या की वरची शिडी अडकते, आणि केबलच्या तारा लोंबत असतात त्या वेगळ्याच. त्यामुळं ‘जवळचा रस्ता’ सांगू नका, ‘उसाचा भरलेला ट्रक जातो तो रस्ता’ सांगा. लांबून असला तरी चालेल.

फाट्यावरच्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण दहा मिनिटं वाचतात किंवा जातात ती इथंच. आग लागली की सगळं गाव आगीकडं पळतं आणि फाट्यावर कुणी नसतं. आम्ही पोचतो, सायरन वाजवत उभे. मग अंधारातून कुणीतरी ओरडतं, ‘इकडं या की ओ!’ आणि दुसरा पलीकडून, ‘तिकडं नको, वरच्या वाटेनं!’ दोघंही आपापल्या जागी खरे असतात. एक चालत जायची वाट सांगतो, दुसरा बैलगाडीची. तेवढ्यात एक पोरगं मोटारसायकल घेऊन पुढं होतं, ‘माझ्या मागं या’ म्हणतं आणि असं सुसाट सुटतं की पहिल्या वळणावर त्याचा मागचा लाल दिवाही दिसत नाही. खानापूर भागात एकदा असाच एक गडी साकवावरून पार झाला, पलीकडं जाऊन थांबला आणि हात हलवत राहिला. आमचा ड्रायव्हर अलीकडं ब्रेक दाबून खाली उतरला, बॅटरीनं साकवाचे दगड बघितले आणि काही न बोलता गाडी रिव्हर्सला टाकली. पाणंद अरुंद, वळवायला जागा नाही. मुख्य रस्त्यापर्यंत गाडी उलटीच आणावी लागली.

तेव्हा एकच माणूस ठरवा. त्यानं फाट्यावर थांबायचं, आग बघायला जायचं नाही. हातात मोठी बॅटरी हवी. नसेल तर ट्रॅक्टर फाट्यावर आणून दिवे चालू ठेवले तरी लांबून कळतं. गाडी आली की त्यानं शक्यतो केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसावं. मोटारसायकलवर पुढं गेलाच तर गाडीच्या उजेडातच राहावं. त्याचाच नंबर वॉचरूमला द्या आणि त्याचा फोन मोकळा ठेवा. आमच्याकडून फोन लागत नाही, कारण त्याच नंबरवर नातेवाईक ‘काय झालं, काय झालं’ विचारत असतात, हे हमखास होतं. तुमच्या घरी म्हातारे दोघंच असतात, म्हणजे हे काम त्यांच्याकडून होणार नाही. शेजारच्या मळ्यातल्या एखाद्या तरुणाशी आजच बोलून ठेवा, त्याचा नंबर आईच्या फोनमध्ये पहिला टाका.

खूण सांगताना टिकणारी खूण सांगा. ‘मोठं आंब्याचं झाड’ रात्री दिसत नाही आणि असली झाडं वीस असतात. बसथांबा, डेअरी, शाळा, देवळाचा कळस, पाण्याची टाकी हे चालतं. मोठ्या रस्त्यावर किलोमीटरचा दगड उत्तम. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. खानापूरकडं रेल्वेचं गेट सांगितलं तरी आम्हाला पुरतं, फक्त नंबर सांगा. बेळगावात टिळकवाडीचं पहिलं, दुसरं, तिसरं गेट सांगितलं की काम होतं, तसं खेड्यात होत नाही.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही: जवळच्या टीसीचा नंबर लिहून ठेवा. टीसी म्हणजे हेस्कॉमचा, आपल्या वीज कंपनीचा, ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर किंवा खांबावर नंबर रंगवलेला असतो. गावचा लाइनमन शिवारातला प्रत्येक टीसी ओळखतो, आणि आम्ही वाटेतून त्यालाच फोन लावतो. पाणी मारायच्या आधी लाइन बंद करायला तो लागतोच, मग वाटही त्यालाच विचारतो. पोलीस आणि ग्रामपंचायतीचा वॉटरमन यांचाही उपयोग होतो, पण लाइनमनसारखा शिवाराचा जाणकार दुसरा नाही. तुमच्याकडून वीज तक्रारीचा १९१२ लावला तरी चालतं. फक्त लाइनमनचा स्वतःचा नंबर असला तर उत्तम.

धूर बघून या असं लोक म्हणतात. दिवसा वारा असला की धूर लांब वाकतो आणि आग भलतीकडंच आहे असं वाटतं. जानेवारीपासून पुढं तर शिवारात कुठं ना कुठं पाचट जाळत असतात, मग कुठल्या धुराकडं जायचं? रात्रीचा तांबडा उजेडही असतो त्यापेक्षा जवळ वाटतो.

तुम्ही पाटीबद्दल विचारलंत. लावाच. फाट्यावर, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी, माणसाच्या उंचीच्या आसपास. कन्नड आणि मराठी दोन्हीत मळ्याचं नाव आणि बाण, बाकी काही नको. ट्रकच्या मागं लावतात ती चमकणारी पट्टी कडेनं लावली की हेडलाइट पडल्यावर पाटी उठून दिसते. सरकारी पाटीची वाट बघत बसू नका, पत्र्याची पाटी गावातला पेंटर करून देतो.

राहता राहिलं पाणी. गाडीतलं पाणी पाइप पूर्ण सोडला तर दहा-पंधरा मिनिटांत संपतं आणि भाताची वळी किंवा गवताची गंजी तेवढ्यात विझत नाही. तुमच्या विहिरीपर्यंत गाडी जाते का आणि पाणी किती खाली आहे, हे फोनवर सांगितलं तर फार बरं. आमचा पंप साधारण ७ मीटरपर्यंत पाणी ओढतो. एप्रिलमध्ये पाणी त्याच्याही खाली गेलं असेल तर विहीर असून नसल्यासारखी, मग टँकर मागवावा लागतो आणि तो आधीच कळलेला बरा. गावात कुणाकडं पाण्याचा टँकर आहे त्याचाही नंबर त्याच कागदावर लिहा. बेळगावला आलात की एखाद्या दिवशी स्टेशनला जाऊन तो कागद दाखवा. वॉचरूममध्ये तुमचा फाटा, विहीर आणि माणसाचा नंबर लिहून घेतील, नाही म्हणणार नाहीत. जाताना सकाळी अकराच्या सुमारास जा, कवायत आणि गाड्यांची तपासणी उरकलेली असते.